फाळका केवढाय?

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करून आले आणि लासलगावला घरी जाऊन अण्णांना फोटो दाखवत बसले होते. नामचे बाजार झालं, तेंगबोचेचा मठ झाला, बर्फाचे डोंगर झाले, अण्णा आपले हूं हूं करत होते, मधेच चहाचा घोट घेत होते. मग लुक्लाच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या त्या छोट्या विमानाचा फोटो आला आणि त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा लावला, फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "ह्याचा फाळका केवढाय?"

अण्णांनी एकतीस वर्षं टेम्पो चालवला. आधी मॅटाडोर, नंतर ४०७. कांदा, टोमॅटो, द्राक्षाचे क्रेट, लग्नाचे मंडप, एकदा तर अख्खी पिठाची गिरणी. गाडी म्हटली की ते कलर बघत नाहीत, इंजिनचा आवाजसुद्धा नंतर ऐकतात, आधी मागे जाऊन फाळका, म्हणजे माल चढवायचं मागचं पडणारं दार, पाडून बघतात. हौदा केवढा, फाळका पूर्ण पडतो का, पिंप आडवं करून लोटता येईल का. गाडी चांगली का वाईट ते त्यावर ठरतं.

मला उत्तर माहीत नव्हतं. ज्या विमानात बसून मी आले गेले त्याचं नाव ट्विन ऑटर, एवढंच ठाऊक. म्हणून शोधायला लागले, आणि त्या एका प्रश्नाच्या मागे मी पार कॅनडाच्या जंगलात आणि तिथून अंटार्क्टिकाला जाऊन पोचले. पुढचे दोन तीन महिने रात्री जेवण झाली की अण्णांना फोन करायचा आणि काय वाचलं ते सांगायचं असा नेमच झाला. हा लेख म्हणजे त्या फोनांचाच गोषवारा आहे, त्यामुळे क्रम अण्णांच्या प्रश्नांचा आहे, इतिहासाचा नाही.

फाळक्याचं उत्तर ट्विन ऑटरच्या आजोबांकडे सापडलं. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा टोरोंटोजवळच्या डी हॅविलँड कॅनडा कंपनीला प्रश्न पडला की आता लढाईची कामं बंद होणार, पुढे बनवायचं काय. कॅनडाच्या उत्तरेला तेव्हा रस्ते नव्हतेच म्हटलं तरी चालेल, नुसती जंगलं आणि हजारो तळी. उन्हाळ्यात विमानाला खाली फ्लोट लावून तळ्यावर उतरायचं, हिवाळ्यात तेच तळं गोठलं की फ्लोट काढून स्की लावायच्या. ह्या धंद्यातल्या पायलटांना बुश पायलट म्हणतात. खाणीवाले, शिकारी, फॉरेस्टवाले, पोस्ट, आजारी माणूस, सगळं तेच वाहायचे. तर कंपनीने काय केलं, पंच डिकिन्स नावाचे स्वतः नावाजलेले बुश पायलट त्यांच्याकडे सेल्सला होते, त्यांच्यामार्फत ह्या पायलटांनाच विचारलं की बाबांनो तुम्हाला कसलं विमान पाहिजे ते सांगा.

उत्तरं काय आली असतील? जोरदार इंजिन द्या, थोडक्या जागेत उठलं बसलं पाहिजे, दोन्ही बाजूंना दारं पाहिजेत म्हणजे धक्का कुठल्याही बाजूला असला तरी माल उतरवता येतो, आणि दार एवढं रुंद पाहिजे की तेलाचं पिंप आत लोटता येईल. स्पीडचं विचारलं तर एकाने सांगितलं म्हणे की कुत्र्यांच्या गाडीपेक्षा जोरात गेलं तरी पुरे. हे मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही, मला वाटलं लाइन कटली. मग अण्णा म्हणाले, "म्हणजे ड्रायव्हरला विचारून गाडी बनवली." त्यांच्या आवाजात जे काही होतं ते मला लिहिता येत नाहीये. एकतीस वर्षांत त्यांना कुणीच कधी विचारलं नव्हतं.

ते विमान म्हणजे बीव्हर. १६ ऑगस्ट १९४७ ला पहिल्यांदा उडालं. एकच इंजिन, ४५० हॉर्सपॉवर, पुढे गोल चक्रासारखी सिलिंडरं असलेलं. खरं तर आधी ठरलं होतं वेगळंच कमी ताकदीचं ब्रिटिश इंजिन, पण युद्धात उरलेली प्रॅट अँड व्हिटनीची वास्प ज्युनियर इंजिनं स्वस्तात मिळायला लागली आणि ती बसवल्यावर विमानाचं सोनं झालं. दार एवढं की ४५ गॅलनचं, म्हणजे आपल्याकडच्या २०० लिटरच्या मापाचं पिंप लोटत आत जातं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, इंजिन ऑइल घालायचं तोंड कॉकपिटच्या आतच आहे, हाताशी. बाहेर बर्फात उभं राहून, हातमोजे काढून झाकण उघडायची गरज नाही, पायलट चालू विमानात बसल्या बसल्या ऑइल टाकू शकतो.

ह्यावरून अण्णांचा दुसरा प्रश्न आला, की एवढ्या थंडीत सेल कसा मारतो. त्यांना स्वतःला डिसेंबरातली पहाट आठवत होती, मॅटाडोर सुरू होत नाही म्हणून आम्ही सगळ्या भावंडांनी धक्का मारायचो ती. आपल्या निफाडची थंडी म्हणजे फार तर द्राक्षबागेत शेकोट्या पेटवण्याइतकी. तिकडे उणे चाळीस. जुने बुश पायलट रात्री उतरले की इंजिन गरम असतानाच ऑइल सगळं डब्यात काढून घ्यायचे आणि तो डबा घेऊन झोपायला आत जायचे, सकाळी ते ऑइल स्टोव्हवर गरम करायचं, इंजिनाभोवती कॅनव्हासचा तंबू टाकून आत शेगडी पेटवायची, तास दोन तास इंजिन शेकायचं आणि मग गरम ऑइल ओतून लगेच सुरू करायचं. नंतर दुसरी युक्ती आली, बंद करायच्या आधी ऑइलमधे थोडं पेट्रोल मिसळायचं म्हणजे ते घट्ट होत नाही, आणि सकाळी इंजिन तापलं की पेट्रोल आपोआप उडून जातं. आणि स्की! चालून आलेली स्की घासून घासून गरम झालेली असते, तिच्याखालचा बर्फ जरा वितळतो आणि विमान थांबलं की तोच पुन्हा गोठून स्कीला घट्ट धरून ठेवतो. म्हणून थांबताना फळ्या नाहीतर झाडाच्या फांद्या टाकून त्यावर उभं करायचं. नाहीतर सकाळी हातोडे घेऊन स्की सोडवत बसा.

"आणि रात्री उभी कुठं करतात?" हा तिसरा प्रश्न. पार्किंगचा. हा त्यांचा कायमचा घोर असायचा, रात्री गाडी कुठे लावली, वरून फांदी पडणार नाही ना, ताडपत्री नीट बांधली का. ह्याच्या उत्तरात मला त्यांना बायर्ड ह्या अमेरिकन संशोधकाच्या अंटार्क्टिका मोहिमेतली गोष्ट सांगता आली. १९२९ च्या मार्च महिन्यात लॉरेन्स गूल्ड, बर्न्ट बाल्खेन आणि हॅरॉल्ड जून हे तिघं फॉकर विमान घेऊन रॉकफेलर डोंगरांकडे गेले होते दगड तपासायला. विमान दोरांनी बर्फात जखडून ठेवलेलं. वादळ आलं आणि वाऱ्याने ते उभं विमान बांधलेल्या दोरांसकट उचलून नेलं आणि लांब नेऊन आपटलं. माणसं वाचली, दुसऱ्या विमानाने येऊन त्यांना नेलं. त्याच्याही आधी, १९११ मधे, ऑस्ट्रेलियाचे संशोधक डग्लस मॉसन अंटार्क्टिकाला विमान न्यायला निघाले तर ते ॲडलेडमधेच चाचणीच्या उड्डाणात पडलं, मग त्यांनी त्याचे पंख काढले आणि नुसतं इंजिन आणि धड घेऊन गेले, बर्फावर घसरगाडी ओढायला. तेही फार चाललं नाही. म्हणजे पंख होते, हिंमत होती, पण त्या जागेसाठी बनवलेली गाडी नव्हती. हा फरक मला बीव्हर वाचल्यावर कळला.

बीव्हरनंतर कंपनीने त्याचाच मोठा भाऊ काढला, ऑटर, १९५१ मधे. ऑटर म्हणजे आपलं पाणमांजर. इंजिन ६०० हॉर्सपॉवर. बीव्हर जर अर्ध्या टनाचा पिकअप असेल तर ऑटर एक टनाचा ट्रक, असं तिकडचे लोकच म्हणायचे. एकूण ४६६ बनली. आपल्या हवाई दलाकडेही ऑटर होती, नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचलातल्या, डोंगरातल्या छोट्या पट्ट्यांवर जायची, आणि ४१ नंबरच्या स्क्वाड्रनचं नाव आजही ऑटर्स आहे.

ह्या ऑटरने जे काम केलं ते वाचून मी दोन रात्री नीट झोपले नाही. १९५५ ते ५८ ची कॉमनवेल्थ ट्रान्स अंटार्क्टिक मोहीम. शॅकल्टन ह्या जुन्या ध्रुवीय संशोधकांना १९१४ मधे जे करायचं होतं, म्हणजे अंटार्क्टिका ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीवरून पार करणं, ते व्हिव्हियन फुक्स हे ब्रिटिश संशोधक करायला निघाले. हे फुक्स आधी अंटार्क्टिकातल्या स्टोनिंग्टन बेटावर बर्फामुळे बोट न येऊ शकल्याने अडकून पडले होते आणि १९५० मधे एका छोट्या नॉर्समन विमानाने त्यांना तिथून बाहेर काढलं होतं. छोट्या विमानाची किंमत त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

वेडेल समुद्राच्या काठावर त्यांचा तळ, शॅकल्टन बेस. तिथून आत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, उंच पठारावर, अजून एक ठाणं पाहिजे होतं, साउथ आइस. मधे भेगांनी भरलेला बर्फ, गाड्यांना रस्ता अजून सापडलेला नाही. मग? ऑटर. झोपडीचे सुटे भाग, इंधन, अन्न, रेडिओ, सगळं त्या एका इंजिनाच्या विमानाने १९५७ च्या सुरुवातीला खेप खेप करून नेलं. झोपडी खड्डा खणून बर्फात बसवली आणि तिघं जण, हॅल लिस्टर, जॉन स्टीफन्सन आणि केन ब्लेकलॉक, अख्खा हिवाळा तिथे राहिले. घर, माणसं आणि वर्षभराची बेगमी, सगळं हवेतून आलेलं. अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "हमाल कोण?" आणि खरंच, हा प्रश्न मी जेवढं वाचलं त्यात कुणी विचारलेला दिसत नाही. हमाल म्हणजे पायलटच. शास्त्रज्ञच. जो आला तो उतरवू लागला.

ऑटरच्या क्रूमधे रॉयल एअर फोर्सचे चार जण, स्क्वाड्रन लीडर जॉन लुईस, गॉर्डन हॅस्लप, पीटर वेस्टन आणि एलिस विल्यम्स. दोन पायलट, एक मेकॅनिक, एक रेडिओवाला. फुक्स २४ नोव्हेंबर १९५७ ला शॅकल्टन बेसवरून गाड्या घेऊन निघाले, नाताळच्या दिवशी साउथ आइस सोडलं. आता विमानाचं काय करायचं? पलीकडे रॉस समुद्राच्या बाजूला स्कॉट बेसला ते पाहिजे होतं, आणि जायचा रस्ता एकच, दक्षिण ध्रुवावरून सरळ. १४३० मैल, म्हणजे २३०० किलोमीटर. ऑटरची नेहमीची मजल ह्याच्या बरीच आत संपते, म्हणून केबिनमधे जास्तीच्या टाक्या बसवल्या. एक इंजिन. ते बंद पडलं तर खाली उतरायला बर्फ भरपूर आहे पण त्यानंतर काय हे कुणी बोलत नाही.

पहिल्यांदा निघाले तेव्हा ढग आणि बर्फ धरायला लागला म्हणून परत फिरले. मला वाटतं ह्या सगळ्या प्रवासातली मोठी गोष्ट हीच आहे. इतकी तयारी करून, एवढं लोड घेऊन उठल्यावर परत फिरणं. अण्णा घाटात धुकं असलं की गाडी बाजूला लावून धाब्यावर रात्र काढायचे, व्यापारी दुसऱ्या दिवशी ओरडायचे, पण एकतीस वर्षांत एकही अपघात नाही. लुईस आठवडाभर थांबले. ६ जानेवारी १९५८ च्या रात्री उशिरा, म्हणजे नुसती घड्याळातली रात्र कारण तिकडे जानेवारीत सूर्य मावळतच नाही, पुन्हा उठले. आणि जवळपास अकरा तासांनी, ७ तारखेला, स्कॉट बेसला उतरले. एका इंजिनाच्या विमानाने अंटार्क्टिका एका दमात पार करायची ती पहिली वेळ.

त्या अकरा तासांत दिशा कशी ठरवायची हे समजून घ्यायला मला फार वेळ लागला. होकायंत्राचा काटा चुंबकीय ध्रुवाकडे बघतो, आणि तो ध्रुव तिकडे जवळच कुठेतरी काठाला असतो, त्यामुळे काटा सुस्त होतो, भलतीकडे दाखवतो. बरं उत्तर दक्षिण म्हणायची तरी सोय राहते का, तर नाही, कारण सगळ्या रेखा ध्रुवावर एकत्र येतात आणि ध्रुवावर उभं राहिलं की जिकडे तोंड कराल तिकडे उत्तरच. सरळ रेषेत उडत असलात तरी मिनिटामिनिटाला तुमची दिशा कागदावर बदलत जाते. म्हणून नकाशावर चौकटी आखून त्या चौकटीची स्वतःची एक खोटी उत्तर धरतात, आणि काट्याऐवजी सूर्याकडे बघून कोन मोजतात. ढग आले की सूर्य नाही. आणि वर पांढरं, खाली पांढरं, सावली पडत नाही, तेव्हा क्षितिजच नाहीसं होतं, विमान जमिनीपासून हजार फुटांवर आहे का दहा फुटांवर ते डोळ्यांना कळत नाही. त्याला व्हाइटआउट म्हणतात.

फुक्स जमिनीवरून १९ जानेवारीला ध्रुवावर पोचले आणि २ मार्च १९५८ ला स्कॉट बेसला. ९९ दिवस. जग त्यांना ओळखतं, ओळखायलाच पाहिजे. लुईसचं नाव मला शोधून काढावं लागलं.

ह्याच मोहिमेत पलीकडच्या बाजूने आपले हिलरी होते. आपले म्हणते कारण तेनझिंग आणि हिलरी ही जोडी शाळेपासून आपल्या तोंडात एका श्वासात येते. एव्हरेस्टनंतर साडेचार वर्षांनी, ४ जानेवारी १९५८ ला ते शेतातले तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचले. त्यांचं मूळ काम फुक्ससाठी वाटेत अन्न आणि इंधनाचे साठे करून ठेवणं, आणि ते साठे भरायला होतं न्यूझीलंडच्या हवाई दलाचं बीव्हर. स्केल्टन ग्लेशियरवर त्याने कुत्रीसुद्धा नेली, स्लेज ओढणारी, विमानात बसवून. बुश पायलटांनी पिंपासाठी मागितलेल्या दारातून!

आणि मग १९६४ मधे ह्याच हिलरींनी नेपाळमधे शेर्पांकडून डोंगरातली शेतं विकत घेऊन धावपट्टी बांधली. लुक्ला. शाळा आणि दवाखान्याचं सामान पोचवायला. माती दाबायला रोलर नव्हता तर शेर्पा लोकांनी रांगेत हातात हात घालून नाचून नाचून ती जमीन घट्ट केली. हिलरींनी कुठे असं म्हटलंय का ते सोडा, पण मला वाटतं की जो माणूस बर्फात बसून बीव्हरची वाट बघतो त्यालाच कळतं की डोंगरावर पहिली गरज छोट्या विमानाला उतरण्याइतक्या जागेची असते. ५२७ मीटरची पट्टी, चढाची, एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. मी उतरले तेव्हा डोळे मिटले होते.

ह्या विमानांनी हिलरींकडून घेतलंही. १९७५ च्या ३१ मार्चला त्यांची पत्नी लुईझ आणि धाकटी मुलगी बेलिंडा काठमांडूहून फाफलूला यायला निघाल्या, जिथे ते हॉस्पिटल बांधत होते. छोटं पिलाटस पोर्टर विमान, उठल्या उठल्या कोसळलं. हे मी अण्णांना सांगितलं नाही. त्या दिवशी दुसरंच काहीतरी बोलले.

ट्विन ऑटर ह्या घराण्यातलं तिसरं. २० मे १९६५ ला पहिलं उड्डाण, ऑटरचंच धड लांबवून दोन पंखांवर दोन टर्बाइन इंजिनं. १९८८ पर्यंत ८४४ बनली, मग बंद झालं, आणि लोकांची मागणी थांबेना म्हणून दुसऱ्या कॅनडियन कंपनीने ते २०१० पासून पुन्हा बनवून द्यायला सुरुवात केली. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेची लाल ट्विन ऑटर रोथेरा तळावरून उडतात. पाय आत घेणारी यंत्रणा नाही, स्की बाहेरच असतात. जितकं कमी तितकं कमी बिघडतं, हे वाक्य अण्णांचं.

ह्या साधेपणाचा उपयोग २००१ च्या एप्रिलमधे झाला. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन तळावरचे एकुलते एक डॉक्टर, रोनाल्ड शेमेन्स्की, स्वतःच आजारी पडले, स्वादुपिंडाला सूज. तिकडे तेव्हा हिवाळा लागलेला, सूर्य महिन्यापूर्वीच मावळलेला. मोठं हर्क्युलिस मालवाहू विमान साधारण उणे पन्नासच्या खाली चालवता येत नाही, हायड्रॉलिकचं ऑइल घट्ट होतं, रबरी सील कडक पडतात. मग कॅनडातल्या केन बोरेक एअरची दोन ट्विन ऑटर निघाली, पार कॅल्गरीपासून, अख्खा अमेरिका खंड उभा कापत, चिलीच्या टोकावरून रोथेराला. एक तिथे थांबलं, गरज पडली तर म्हणून. दुसरं पुढे गेलं, शॉन लूटिट पायलट, मार्क कॅरी को पायलट, नॉर्मन वाँग इंजिनियर. दहा तास अंधारात. धावपट्टीच्या कडेला पिंपांमधे जाळ करून ठेवला होता. २४ तारखेला उतरले, उणे साठच्याही खाली तापमान. थोडी झोप काढून निघायला बघतात तर स्की बर्फाला चिकटलेल्या आणि पंखाचे फ्लॅप गोठून हलेनात. ते सगळं सोडवून, जुळवून, एकदाचे उडाले.

"जाताना रिकामी गेली का गाडी?" अण्णांनी विचारलं. रिकामी खेप हे ड्रायव्हरचं मोठं दुखणं. मी म्हटलं नाही, जाताना नवीन डॉक्टर घेऊन गेले, बेटी कार्लाइल, आणि येताना आजारी डॉक्टर. तेव्हा ते हसले. "दोन्हीकडचं भाडं झालं मग."

त्याच कंपनीचं एक ट्विन ऑटर जानेवारी २०१३ मधे दक्षिण ध्रुवावरून टेरा नोव्हा बेकडे जाताना क्वीन अलेक्झांड्रा रेंजमधल्या माउंट एलिझाबेथवर आदळलं. तिघं जण, तिघंही कॅनडाचे. शोधायला गेलेली टीम पोचली पण कडा इतका वाईट आणि विमान बर्फात असं रुतलेलं की मृतदेह काढता आले नाहीत. हे मात्र मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हणजे अजून गाडीतच आहेत." मी हो म्हटलं. त्यांनी त्यांची नावं विचारली, माझ्याकडून एकेक वाचून घेतली, आणि फोन ठेवला.

दिवाळीला घरी गेले तेव्हा लुक्लाचा एक व्हिडिओ माझ्या फोनमधे होता तो मोठ्या टीव्हीवर लावून दिला. माझं विमान उतरून वळतं, पंखे अजून फिरतायत, मागचं दार उघडतं आणि पोरं धावत येऊन पिशव्या, खोकी, तांदळाच्या गोण्या काढायला लागतात, पाठीमागे सगळा हिमालय. घरातले सगळे हिमालय बघत होते. अण्णा टीव्हीच्या जवळ जाऊन उभे राहिले, दाराच्या मापाने हात लांब करून बघितले, आणि मला व्हिडिओ परत लावायला सांगितला. मग अजून एकदा. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाले, "एक गोणी आतच राहिली बघ, डाव्या कोपऱ्यात. काढली का नंतर?"

व्हिडिओ तिथेच संपतो.